अल्बम नंबर सहा

मंगळवारी सकाळी चहा पिता पिता माझ्या नवऱ्याने मला एक गोष्ट कबूल केली, आणि त्यामुळे माझी जी पंचाईत झाली ती वैऱ्यावरही येऊ नये.

नवऱ्याचं नाव एलायजा, वय त्र्याहत्तर. आम्ही बेने इस्राएल. म्हणजे धर्माने ज्यू, पण बोलणं मराठी आणि जेवण कोकणी. नारळाच्या रसाशिवाय आमच्या घशाखाली घास उतरत नाही. तो रेवदंड्याचा, मी भायखळ्याची. सत्त्याऐंशी साली कॅनडात आलो आणि तेव्हापासून टोरोंटोच्या एटोबिकोतच आहोत, विमानं डोक्यावरून जातात त्या बाजूला. एलायजा एअरपोर्टजवळच्या एका कारखान्यात साचे बनवायचा. केसाएवढी चूक झाली तरी तुकडा फेकून द्यायचा, आणि तोच स्वभाव संध्याकाळी घरी घेऊन यायचा. रिटायर झाल्यावर आमच्या मुलाने, गिलादने, त्याला लेबलं छापायचं छोटं मशीन भेट दिलं. मी पोराला त्याच्या लहानपणी मारलेल्या चापट्यांचा हा सूड असावा. आमच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या बरणीवर 'पिकल' असं लेबल आहे. मला काय तो मोरावळा वाटणार होता?

आणि एलायजा फोटो काढायचा. पहिल्याच विंटरमध्ये त्याने सेकंडहँड कॅमेरा घेतला. तेव्हा टोरोंटोत आमची जेमतेम नऊ कुटुंबं होती. कुणाकडे लग्न असो, सण असो, नवीन बाळ असो, हा गळ्यात कॅमेरा अडकवून हजर. तीस वर्षं त्याने सगळ्यांचे फोटो काढले आणि ते कुणी काढले असं कधी कुणी विचारलं नाही. फोटो आपोआप निघतो असंच लोकांना वाटतं.

घरच्या फोटोंचं तर विचारूच नका. "एस्सी, डावीकडे सरक. हनुवटी वर. हसू नको, नुसती प्रसन्न राहा." नुसतं प्रसन्न कसं राहायचं असतं ते मला अजून समजलेलं नाही. चेहऱ्यावर ऊन पाहिजे हा त्याचा नियम, म्हणून सूर्य कायम त्याच्या पाठीशी आणि आमचे डोळे कायम बारीक. धुऊन आलेले फोटो पाच अल्बममध्ये लागले. अल्बमच्या पाठीवर एक ते पाच नंबर, आणि मुक्काम बेसमेंटमधल्या कपाटात. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती काढायची त्याची सवय होती. एक अल्बमला, एक इस्राएलमधल्या भावाला. भावाला पाठवायच्या राहून गेलेल्या प्रती बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात पडून होत्या. बाकीच्या बायकांच्या घरी त्या डब्यात सुईदोरा असतो, माझ्याकडे फोटो होते.

आता मंगळवार. आमच्या समाजाचं एक प्रदर्शन भरणार होतं, इथे आलेल्या पहिल्या घरांचं. कमिटीचा फोन आला होता, की बारा फोटो द्या, मोठे करून भिंतीवर लावू आणि खाली तुमचं नाव घालू. खाली नाव! एलायजाने त्याच दिवशी ब्लेझर ड्रायक्लीनिंगला टाकला. रविवारी अकरा वाजता गिलाद ओकव्हिलहून येऊन फोटो घेऊन जाणार होता.

"एस्सी, तो बिस्किटांचा डबा कुठे ठेवलायस?" एलायजाने विचारलं.

"डबा कशाला? अल्बम आहेत ना खाली."

त्याने कप बशीत ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"अल्बम नाहीत," तो म्हणाला. "दोन हजार तेराला बेसमेंटमध्ये पाणी भरलं ना, तेव्हा गेले. तू गिलादकडे होतीस. तुला मी सांगितलं की फक्त निगेटिव्ह गेले. फोटोही गेले, एस्सी. पानं एकमेकांना चिकटून विटा झाल्या होत्या. मी फेकून दिले."

"मग कपाटात आहेत ते?"

"नुसते पुठ्ठे. आत काही नाही." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तू म्हणाली होतीस, बेसमेंटमध्ये ठेवू नका. दोनदा म्हणाली होतीस."

तीनदा म्हणाले होते. पण ते सोडा. बारा वर्षं माझा नवरा रिकाम्या पुठ्ठ्यांवरची धूळ पुसत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती ही.

"डबा आहे म्हणून बरं," तो म्हणाला. "देवाने तेवढा तरी ठेवला."

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. बारा वर्षांचं खोटं, आणि तेही माझं न ऐकल्यामुळे! असं भांडण बाईच्या आयुष्यात एकदाच चालून येतं. पण मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. कारण डब्यातले निम्मेअधिक फोटो मी कात्रीने कापले होते.

मला वेडबीड लागलेलं नाही. कशी वेळ आली ते ऐका.

मी दर गुरुवारी एका म्युझियममध्ये मदतीला जाते. सरोवराच्या बाजूला जुनं दगडी घर आहे, त्यात. पंचवीस वर्षं मी एका ब्रायडल दुकानात अल्टरेशनचं काम केलं, हात हलका आहे, म्हणून तिथली यामिनी मला नाजूक कामं देते. यामिनी तिथल्या जुन्या कागदांची आणि फोटोंची देखभाल करते. पोरगी नागपूरची, तिशीची, 'करून राहिली' छापाचं मराठी बोलते आणि मला एस्सी आंटी म्हणते. मागच्या फॉलमध्ये तिने एक जाडजूड अल्बम माझ्यापुढे ठेवला. पानापानात पातळ कागद घालायचा होता.

मला वाटलं, असतील जुने गोरे साहेब खांबाला टेकून उभे. साहेब होतेच, पण नुसती डोकी. मिशाळ जनरलचं डोकं फोटोतून कापून बदकाच्या धडावर चिकटवलेलं, आणि बदक, तळं, गवत सगळं जलरंगात हाताने रंगवलेलं. एक पाद्री कासवावर बसलेला. चार जावई एका किटलीतून बाहेर डोकावत होते. मी इतकी हसले की पहाऱ्यावरचा माणूस बघायला आला.

"एटीन-सेव्हंटीजचा आहे, आंटी," यामिनी म्हणाली. "तेव्हा व्हिजिटिंग कार्डाएवढे फोटो निघायचे, लोक ते एकमेकांना वाटत. फोटोग्राफर बहुतेक पुरुष. मोठ्या घरच्या बायकांना कामधंदा करायला बंदी. पण थोडं पेंटिंग, थोडा पियानो, अल्बम सजवणं, हे चालायचं. लेडीजचा टाइमपास. कुणी सीरियसली घेतच नव्हतं, म्हणून त्या काय करून राहिल्या तेही कुणी बघितलं नाही."

"म्हणजे नवऱ्याला बदक केलं तरी चालत होतं?"

"शांतपणे केलं तर," ती म्हणाली.

"बाईचं नाव काय?"

यामिनीने सोबतचं कार्ड वाचलं. "मिसेस हेन्री अमुक-तमुक. तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही, आंटी. मी शोधून थकली. पहिल्या पानावर शिक्का आहे तोही नवऱ्याचाच."

याचा मला भयंकर राग आला. बदक नवऱ्याला करायचं आणि नाव पुन्हा नवऱ्याचंच लावायचं! घरी आले तरी राग गेला नाही. त्याच रागात मी कपाटातून तो निळा डबा काढला. अल्बममध्ये पहिल्या प्रती आहेतच, मग दुसऱ्यांना कात्री लावली तर कुणाचं काय बिघडतं, असा मी साधा विचार केला. मैद्याची खळ शिजवली. एलायजा दुपारी दोस्तांबरोबर मॉलमध्ये चालायला जातो, तेवढे दोन तास माझे. नातवंडांच्या नावाखाली रंगाची पेटी आणली. तीन महिने मी इतकी मजेत होते की एलायजाने दोनदा विचारलं, तब्येत ठीक आहे ना.

पहिलंच पान मलिद्याचं. नवस फेडायचा असला की आम्ही एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलायजाच्या, नावाने मलिदा करतो. गूळखोबऱ्याचे गोड पोहे, वर पाच फळं, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेली प्रार्थना. अठ्ठ्याऐंशी साली एटोबिकोतल्याच रेक्सडेलच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये टोरोंटोतला आमचा पहिला मलिदा झाला. नऊ कुटुंबं एका खोलीत कोंबलेली, तो फोटो. मी पानभर रेवदंड्याचा समुद्र रंगवला आणि एकेकाचं डोकं कापून माशाच्या धडावर बसवलं. आत्ताच्या कमिटीचे चेअरमन झाले पापलेट. मी सुरमई, कारण कात्री माझ्या हातात होती. शोभाताईला मात्र मी कोळंबी केलं. शोभाताई म्हणजे एलायजाची थोरली बहीण, राहते थॉर्नहिलला. सेहेचाळीस वर्षं ती मला नारळ कसा खवायचा ते शिकवते आहे. आणि तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, आमच्यात खवल्यांची मासळीच चालते, कोळंबी निषिद्ध. म्हणजे त्या सबंध समुद्रात आमच्या घरात पाऊल टाकू न शकणारी ती एकटी.

शेवटचं पान मी ठरवून केलं नव्हतं. कापता कापता लक्षात आलं की सगळे आहेत, एलायजा कुठेच नाही. असणार कसा? कॅमेरा त्याच्याच हातात. पण फोटोच्या खालच्या कडेला जवळजवळ दरवेळी त्याची सावली पडलेली होती. लांबुडकी, कोपर दोन्हीकडे वर उचललेले. नायगारा, आमची पहिली गाडी, गिलादने पहिल्यांदा बर्फ शोव्हल केला तो दिवस, सगळीकडे. मी त्या सावल्या कापून घेतल्या. त्या मिसेस हेन्रीने कुणाकुणाचे चेहरे फुलांच्या हारात बसवले होते, पण हारात कोण जातो ते भायखळ्याच्या शेजाऱ्यांकडून आम्हीही शिकलेलो आहोत. म्हणून मी आमचं दारापाशीचं कपाट रंगवलं, हँगर रंगवले आणि त्याच्या सतरा सावल्या विंटर कोटांसारख्या ओळीने टांगल्या.

तर असा हा अल्बम शिलाई मशीनच्या खोळीखाली होता, आणि नवरा मला डबा मागत होता.

"बघते," मी म्हटलं. "वरच कुठेतरी असेल."

चोराच्या मनात चांदणं. तो फिरायला गेल्याबरोबर मी हॉलमधल्या तसबिरीपुढे जाऊन उभी राहिले. आमच्या घरात दोन एलायजा आहेत, एक सोफ्यावर आणि एक भिंतीवर, आगीच्या रथात बसून स्वर्गात निघालेला तो खरा हन्नबी. त्याला म्हटलं, "हन्नबी, माझ्या हातून झालं ते झालं. यांचं नाव लागू दे भिंतीवर. रविवारच्या आत काहीतरी कर, पाच फळांचा मलिदा करीन. आणि कोळंबीबद्दलही माफ कर."

बुधवारी एलायजाने बारा फोटोंची यादी करून फ्रीजवर लावली. पहिल्या नंबरावर अर्थातच मलिदा.

"त्यात सगळे आहेत," तो म्हणाला. "एकोणतीस माणसं, आणि एकाचाही डोळा मिटलेला नाही. असा फोटो एकदाच निघतो, एस्सी."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सांगावं तर त्याचं तोंड कसं होईल ते दिसत होतं. त्याने आयुष्यात काही मागितलं नव्हतं. त्र्याहत्तराव्या वर्षी खाली नाव एवढंच मागत होता, आणि तेच मी कापून मासे केले होते.

गुरुवारी मी अल्बम पिशवीत घालून यामिनीपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. तिने हातमोजे घालून पानं उलटली. कोळंबीपाशी "बाप्पा!" म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून बसली.

"आंटी, कातरण कुठे आहे?"

"कसली कातरण?"

"डोकी तुम्ही कापली. मग भोकं पडलेले उरलेले फोटो कुठे आहेत? फेकले?"

मी फेकीन? पंचवीस वर्षं ब्रायडल दुकानात काढलेली बाई कातरण फेकत नाही. नवरीचा झगा लग्नाच्या आदल्या दिवशी कुठेतरी उसवतोच, आणि तेव्हा त्याच कापडाचं बोटभर चिंधूक सोन्याहून मोलाचं असतं. एकेका फोटोची कातरण मी वेगळ्या झिपलॉक पिशवीत भरून शिलाईच्या खणात ठेवली होती. का ठेवली होती, देव जाणे. हातांना सवय.

"मग रडून काहून राहिल्या?" यामिनी म्हणाली. "घेऊन या."

मी टॅक्सी केली, जाऊन पिशव्या आणल्या. तिने अल्बमचं पान स्कॅन केलं, कातरण स्कॅन केली, आणि कॉम्प्युटरवर एकेक डोकं उचलून आपापल्या भोकात नेऊन बसवलं. काही कडा लगेच जुळल्या, काहींना वेळ लागला. शुक्रवारी दुपारी तिने मला बोलावून स्क्रीन दाखवला. रेक्सडेलची ती खोली. तपकिरी सोफा, मधे पोह्यांचं ताट, एकोणतीस माणसं. सगळे डोळे उघडे. अगदी नाक लावून बघितलं तर केसाएवढी रेघ दिसत होती. माझा जीव भांड्यात पडला. मी यामिनीला मिठी मारली, तिचा चष्मा पडला.

"बारा तर बारा, पूर्ण यादी झाली," तिने पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. "रेघा मी उद्या अजून साफ करते. अंकलला कळणारही नाही. सांगायची गरजच नाही, आंटी."

घरी येताना बसमध्ये मी त्यावर विचार केला. खरंच गरज नव्हती. डबा सापडला, यामिनीकडून स्कॅन करून घेतला, हे घ्या. अल्बम परत खोळीखाली. एलायजाचं नाव भिंतीवर, आणि मी पुढची बारा वर्षं शिलाई मशीनवरची धूळ पुसत बसणार.

तिथेच माझं ठरलं. त्याने मान खाली घालून आपलं झाकण उघडलं होतं. मी माझं घट्ट लावून बसले असते तर त्याच्याशी भांडायचा हक्क मला कायमचा गेला असता, आणि तो मला परवडणारा नाही. शिवाय मला तो अल्बम दाखवायचा होता. सांगायला लाज वाटते, पण होता. तीन महिने इतकं चांगलं काम केलं आणि ते कुणी बघितलंच नाही, हे मला त्या मिसेस हेन्रीसाठी सहन होत नव्हतं, तर स्वतःसाठी कसं होणार?

रविवारी सकाळी नऊ वाजता मी चहा दिला आणि अल्बम, पिशव्या, पेनड्राइव्ह, सगळं टेबलावर मांडलं.

"अहो, मलाही तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हटलं. "अल्बममध्ये पहिल्या प्रती आहेत असं समजून मी डब्यातले फोटो कापले. पण सगळे वाचलेत. या पेनड्राइव्हमध्ये आहेत, तुमचे बाराही. आधी हे बघा, मग काय ओरडायचं ते ओरडा."

त्याने पहिलं पान उघडलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी बोलतच सुटले. कातरण, यामिनी, रेघ, मिसेस हेन्री, माझं चुकलंच, पण तुम्ही बारा वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर.

"एस्सी, जरा गप्प."

कारखान्यातला तुकडा तपासावा तसा तो पान तपासत होता. बोट पापलेटवर गेलं. मग सुरमईवर, तिथे तो माझ्याकडे एकदा बघून परत खाली वळला. मग कोपऱ्यात गेलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय.

"मिश्या," तो कसाबसा म्हणाला. "शोभाच्या... मिश्या!"

कोळंबीला मिश्या असतात. मी त्या फार मन लावून काढल्या होत्या. एलायजा इतका हसला की चष्मा काढून टेबलावर डोकं ठेवून हसत राहिला. मी या माणसाबरोबर सेहेचाळीस वर्षं संसार केला आहे, त्याला असा हसताना मी दोनदा बघितला असेल. मीही हसायला लागले. मग पुढची पानं त्याने भराभर उलटली, प्रत्येक ठिकाणी हे कोण, हे कोण विचारत, आणि शेवटच्या पानाशी थांबला.

तिथे त्याने अल्बम खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

"हा नायगारा," तो म्हणाला.

"नुसत्या सावलीवरून कसं ओळखलंत?"

"माझी ती कानटोपी. हा मिल्टनचा सफरचंदांचा मळा, गिलाद चार वर्षांचा होता. हे तुझं सिटिझनशिप झालं त्या दिवशी." सतराच्या सतरा त्याने ओळखल्या. मग चष्मा पुसत म्हणाला, "मला ही कायम माझी चूक वाटायची. फोटो धुऊन आले की मी आधी सावलीच बघायचो. वाटायचं, एक पाऊल बाजूला सरकायला हवं होतं. आणि तू नेमकी तीच ठेवलीस?"

"दुसरं काय ठेवणार?" मी म्हटलं. "तुम्ही दुसरे कुठे होतात?"

मग मात्र मला रडू आलं. इतक्या दिवसांची धास्ती, ती सगळी एकदम निघून गेली, आणि मी पदर नव्हता म्हणून किचन टॉवेल तोंडाला लावून मनसोक्त रडून घेतलं. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने भिंग घेऊन सावलीची कड बघितली.

"कापलंयस चांगलं," तो म्हणाला. "एक केस इकडचा तिकडे नाही."

सेहेचाळीस वर्षांत माझ्या स्वयंपाकालाही एवढी पावती मिळालेली नाही.

अकराला गिलाद आला. त्याने कोट न काढताच अल्बम चाळला. "मॉम! यू कट देम अप? डॅड, आर यू ओके?"

"आय ॲम फाइन," एलायजा म्हणाला. "माझं मशीन आण ड्रॉवरमधून."

मशीनला मराठी येत नाही, म्हणून त्याने इंग्रजी अक्षरांत छापलं. पहिलं लेबल अल्बमच्या पाठीवर चिकटवलं: अल्बम नंबर सहा. पहिले पाच आता नव्हते, पण पाच होते तर हा सहावाच, त्यात तडजोड नाही. दुसरं लेबल छापायला त्याला वेळ लागला, दोनदा अक्षर चुकलं, दोन्ही पट्ट्या त्याने फेकल्या. तिसरी पहिल्या पानावर लावली आणि बोटाने दाबून धरली. त्यावर होतं: फोटो, एलायजा. कात्री, एस्तेर.

एस्तेर माझं खरं नाव. ते पासपोर्टशिवाय कुठेही लिहिलेलं नाही. आई गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाकही मारलेली नाही.

"हाही प्रदर्शनात ठेवायचा," तो गिलादला म्हणाला. "काचेच्या पेटीत, शेवटचं पान उघडून. कमिटीला सांग, दोन नावं लागतील. लागणार नसतील तर माझंही नको."

"ओके, डॅड. कूल."

"आणि हे पहिलं पान," त्याने ऑफिसची मोठी काळी क्लिप काढून मलिद्याच्या पानाला लावली, "हे कुणी उघडायचं नाही. शोभा येणार आहे."

पुढच्या रविवारी मी नवस फेडला. हॉलमध्ये बारा-पंधरा माणसं, ताटात डोंगराएवढे पोहे, वर केळी, सफरचंद, खजूर, संत्री आणि डाळिंब. प्रार्थना झाली. थॉर्नहिलहून शोभाताई आली होती. तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "खोबरं जरा जाड खवलंयस. नवस कशाचा गं होता?"

मी एलायजाकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

"हरवलेलं सापडलं," तो म्हणाला.

"काय हरवलं होतं?"

"फोटो," मी म्हटलं. "घ्या ताई, केळं घ्या."

मग कुणीतरी म्हणालं, फोटो काढा, आणि सवयीने सगळे एलायजाकडे वळले. त्याने आपला फोन शोभाताईच्या हातात दिला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि त्याची हनुवटी किंचित वर झाली. शोभाताईने तोंड वाकडं करून, एक डोळा मिटून, फोन सरळ आहे की आडवा ते तीनदा विचारून एकदाचा फोटो काढला.

आम्ही तो बघितला. पोह्यांचं ताट अगदी छान आलं होतं. त्याचा ब्लेझर आला होता, माझी निळी साडी आली होती. आमची दोघांची डोकी मात्र गळ्यापासून वर साफ कापली गेली होती.

"फिटंफाट झाली," एलायजा माझ्या कानात म्हणाला.

"काय झालं एवढं हसायला?" शोभाताई विचारत राहिली.